बाउंडरी म्हटलं की मी का चिडते

‘तू स्वतः काउन्सेलरकडे जायचीस, मग कुणी टॉक्सिक, ट्रॉमा, बाउंडरी म्हटलं की तुलाच का झोंबतं?’ भिशीत, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारलंत. म्हणून एकदा सांगते.

काउन्सेलिंगला माझा विरोध नाही. मिरजेला दर शनिवारी जायचे. मला ओसीडी आहे, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येऊन तीच गोष्ट तपासत राहायला लावणारा आजार. गॅसचा नॉब बंद आहे ना, हे बघण्यात रोज तास-दीड तास जायचा. ऑफिसला निघालेली मी विश्रामबागच्या चौकातून परत फिरायचे. कुणी चादरीची सुरकुती काढत ‘मी पण जरा ओसीडीच’ म्हणालं की राग येतो. यायलाच हवा. पण खरं कारण ते नाही.

आई सांगलीच्या गावभागात एकटी राहायची. रात्री फोन करायची: जेवलीस का, कडी लावलीस का, गॅस बंद केलास का. त्या शेवटच्या प्रश्नानं मी पुन्हा ओट्यापाशी. काउन्सेलर म्हणाल्या, तेवढा एक प्रश्न विचारू नको असं आईला सांगा. मी सांगितलं, ‘तू टॉक्सिक आहेस. नऊनंतर फोन करायचा नाही, ही माझी बाउंडरी.’ ‘गॅसचं मी कुठं विचारते गं?’ म्हणाली, तर म्हटलं, ‘हे गॅसलाइटिंग आहे.’ समोरच्याचा स्वतःवरचा भरवसा उडेपर्यंत त्याला खोटं पाडत राहणं म्हणजे गॅसलाइटिंग. आई नुसती विसरली होती.

ऑगस्ट 2019. कृष्णेला पूर. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, पाणी पुढं 57 वर गेलं. पण त्या रात्री सगळे म्हणत होते, 2005 च्या पुरात थांबलं तिथंच थांबेल. आठ पंचावन्नला आईचा फोन वाजला. मी पाहिला. नऊला पाच कमी होते, तरी उचलला नाही. सायलेंट करून झोपले.

पहाटे शेजारच्या पोरांनी तिला कमरेएवढ्या पाण्यातून वरच्या मजल्यावर नेलं. तिसऱ्या दिवशी भेटली. म्हटलं, परत का नाही केलास?

‘नऊ वाजून गेले होते ना गं.’

‘बाउंडरी’ हा शब्द माहीत नसता तर फोन उचलला असता का? कदाचित भांडून, तरीही नसता उचलला. मला ती शांतता खरंच हवी होती, आणि हे मी आजही मागे घेत नाही. पण ‘आई, मला त्रास होतो’ एवढं साधं म्हटलं असतं, तर ती भांडली असती, रडली असती, आणि रात्री दोनलाही फोन केला असता. बाउंडरीपुढं तिला बोलताच आलं नाही.

आता माझा फोन रात्रभर चालू असतो. आई अजूनही नऊच्या आतच करते. गॅसचं विचारत नाही. मी मात्र फोन ठेवला की उठून एकदा बघून येते.