डलासहून आलेला फोन भिवापूर तालुक्यात चालेपर्यंत

गेल्या दिवाळीत माझा भाचा डलासहून नागपूरला आला, तेव्हा दीड वर्ष वापरलेला, पण नव्यासारखा जपलेला आपला अँड्रॉइड फोन त्याने माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "मावशी, हा आता तुझा. अनलॉक्ड आहे, फक्त तुझं सिम टाक." त्याच संध्याकाळी त्रिमूर्तीनगरच्या आमच्या घरी मी जुन्या फोनमधले सिम काढून नव्यात घातले, तर पडद्यावर सिम नेटवर्क अनलॉक पिन मागणारी एक चौकट उभी राहिली आणि ती काही केल्या हटेना. त्यानंतरचे जवळपास दोन महिने मी या एका विषयामागे घालवले. आपल्याकडे घरोघरी अमेरिकेतून असे फोन येतात आणि त्यांतले कित्येक कपाटात पडून राहतात, म्हणून जे कळले ते सविस्तर लिहीत आहे.

भाच्याने मला फसवले नव्हते. त्याने पडद्याचे कुलूप काढले होते, आपले गूगल खाते काढून टाकले होते आणि त्याच्या लेखी फोन मोकळा झाला होता. घोटाळा शब्दाचा होता. पडदा उघडण्याला आपण अनलॉक म्हणतो, फोनचे मूळ सॉफ्टवेअर बदलता यावे म्हणून बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा पहिला प्रोग्राम, उघडतात त्यालाही अनलॉकच म्हणतात आणि एका कंपनीला बांधलेला फोन दुसऱ्या कंपनीच्या सिमसाठी मोकळा करण्यालाही तोच शब्द आहे. या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, आणि मला हवी होती ती तिसरी.

हे तिसरे कुलूप कसे चालते ते समजल्यावर माझा पुष्कळसा गोंधळ मिटला. प्रत्येक सिममध्ये एक लांबलचक ओळख क्रमांक असतो. त्याचे पहिले तीन अंक देश सांगतात आणि पुढचे दोन किंवा तीन अंक कंपनी सांगतात. भारताचे अंक ४०४ आणि ४०५ आहेत, अमेरिकेचे ३१० पासून सुरू होतात. कुलूप असलेला फोन सिम आत गेल्याबरोबर हे अंक वाचतो आणि ज्या कंपनीने तो विकला तिचे अंक नसतील, तर नेटवर्कला हातच लावू देत नाही. अमेरिकेत महागडे फोन मोबाईल कंपन्याच चोवीस किंवा छत्तीस हप्त्यांवर देतात आणि हप्ते फिटेपर्यंत ग्राहक दुसरीकडे जाऊ नये म्हणून हे कुलूप घालतात. आपल्याकडे प्रीपेडचाच प्रघात, फोन दुकानातून घ्यायचा आणि सिम वेगळे घ्यायचे, त्यामुळे कोणतेही सिम कोणत्याही फोनमध्ये चालते हे आपण गृहीतच धरतो. अपवाद आपल्याकडेही होऊन गेले आहेत. २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपयांत हातात पडलेले सीडीएमए या निराळ्या तंत्राचे फोन ज्यांना आठवत असतील, त्यांना हेही आठवेल की त्यात सिम नावाची वस्तूच नव्हती आणि कंपनी सोडली की फोन निरुपयोगी होत असे. २०१७ मध्ये आलेला जिओफोनही फक्त जिओच्याच सिमवर चालणारा होता.

दुसऱ्या दिवशी मी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेले. मोबाईल दुरुस्तीच्या एका दुकानदाराने चौकट पाहताच ओळखले आणि म्हणाला, "ताई, पातळ चिप येते, सिमच्या खाली लावून देतो, होऊन जाते काम." कांद्याच्या पापुद्र्याइतकी ती चिप सिम आणि फोन यांच्यामध्ये बसते आणि फोन विचारतो तेव्हा त्याच्या मूळ कंपनीचे अंक पुढे करते. मी ती लावून घेतली नाही आणि कोणी घेऊही नये असे माझे स्पष्ट मत आहे. कुलूप त्यामुळे उघडत नाही, केवळ चकवले जाते, आणि फोनचे सॉफ्टवेअर अद्ययावत झाले की ही युक्ती बहुधा निकामी होते. ज्या फोनवर बँकेचे संदेश आणि यूपीआय चालणार, तो अशा आधारावर ठेवणे मला पटले नाही. त्या चौकटीत अंदाजाने आकडे टाकून पाहणे तर त्याहून वाईट, कारण चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा असते आणि ती संपल्यावर काही फोन खरा पिन मिळाला तरी तो स्वीकारत नाहीत.

सरळ मार्ग एकच होता आणि तो अमेरिकेतून जात होता. हे कुलूप काढण्याचा अधिकार फोन विकणाऱ्या कंपनीकडे असतो आणि तिच्याशी बोलू शकतो तो मूळ खातेदार. अमेरिकेत १ ऑगस्ट २०१४ रोजी अध्यक्ष ओबामा यांनी सही केलेल्या कायद्याने ग्राहकाला आपला फोन मोकळा करून घेण्याची वाट पुन्हा मिळाली, तरी हप्ते फिटलेले असावेत, खात्यावर थकबाकी नसावी, अशा कंपन्यांच्या अटी राहिल्याच. भाच्याचे काही हप्ते बाकी होते, हे त्याच्या ध्यानातच नव्हते. त्याने माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ते भरले, कंपनीच्या संकेतस्थळावर विनंती नोंदवली, आणि तीन दिवसांनी फोन घरच्या वाय-फायवर असताना मंजुरीचा संदेश आला. फोन बंद करून पुन्हा सुरू केला, आणि चौकट गेली. भाचा परत गेल्यानंतर हे करायचे असते, तर दोन देशांच्या वेळा सांभाळत आठवडे गेले असते. तो कॅनडात असता, तर प्रश्नच उद्भवला नसता, कारण तिथे १ डिसेंबर २०१७ पासून कंपन्यांना फोन बिनकुलपाचेच द्यावे लागतात. ब्रिटनमध्येही डिसेंबर २०२१ पासून कुलूप घातलेले फोन विकण्यास बंदी आहे.

इथपर्यंत आल्यावर मला वाटले की काम झाले. खरी अडचण त्यानंतर सुरू झाली, आणि तिच्याविषयी मात्र कोणीच आधी सांगत नाही.

माझ्या सिमला नेटवर्क मिळाले, इंटरनेट चालू झाले, आणि आठवडाभर मी खुशीत होते. मग लक्षात आले की फोनवर बोलणे सुरू झाले की वरचे ४जी हे अक्षर जाऊन तिथे ई येते आणि बोलणे संपेपर्यंत इंटरनेट जवळपास थांबते. कोणाशी बोलता बोलता नकाशा पाहावा, पैसे पाठवावेत, तर ते होत नसे. याचे कारण असे की ४जीचे जाळे मुळात फक्त डेटा वाहून नेते. त्यावर आवाजही डेटासारखाच पाठवण्याच्या सोयीला व्होल्टी म्हणतात, आणि ही सोय चालण्यासाठी आपल्या मोबाईल कंपनीची मांडणी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून असावी लागते. अमेरिकन कंपनीने स्वतःच्या ग्राहकांसाठी तयार करवून घेतलेल्या फोनमध्ये नागपुरातल्या कंपनीची मांडणी असेलच असे नाही. ती नसेल तर फोन बोलण्यापुरता जुन्या २जीवर उतरतो. मधली ३जीची पायरी आता बहुतेक ठिकाणी उरलेली नाही. एअरटेलने तर आपली ३जी सेवा २०२० मध्येच बंद केली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झालेल्या जिओकडे २जी आणि ३जी कधी नव्हतेच, त्यामुळे तिथे व्होल्टी चालले नाही तर साधा फोन लावताच येत नाही, मग सिग्नलच्या पट्ट्या कितीही दिसोत.

त्याहून मोठा धक्का सासरी बसला. माझे सासर उमरेडच्या पुढे, भिवापूर तालुक्यात आहे. मिरचीच्या तोडणीच्या दिवसांत आम्ही तिथे गेलो, तर माझ्या फोनला सेवा नाही, आणि त्याच कंपनीचे सिम असलेल्या यजमानांच्या फोनवर मात्र वाड्यात बसून चांगले नेटवर्क. फोन बिघडला अशी माझी खात्रीच झाली होती. नेटवर्कची माहिती दाखवणारे एक मोफत अ‍ॅप यजमानांच्या फोनवर घातले, तेव्हा उलगडा झाला. गावाजवळचा मनोरा त्यांच्या फोनशी ९०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे बँड ८ वर बोलत होता, आणि माझ्या फोनला बँड ८ ऐकूच येत नव्हता.

बँड म्हणजे ज्या लहरींवर मनोरा आणि फोन बोलतात त्यांचा ठरलेला पट्टा, आणि प्रत्येक फोनमध्ये ठरावीक पट्ट्यांचेच यंत्र बसवलेले असते. ते नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने वाढवता येत नाही. फोन अनलॉक झाला म्हणून त्यात नवा बँड येत नाही. भारतात ४जीसाठी १८०० मेगाहर्ट्झचा बँड ३ आणि २३०० चा बँड ४० मोठ्या प्रमाणावर वापरात आहेत. यांखेरीज एअरटेल आणि व्हीआय यांच्याकडे ९०० चा बँड ८ आहे, जिओकडे ८५० चा बँड ५ आहे, आणि बीएसएनएलचे स्वदेशी ४जी मुख्यतः ७०० मेगाहर्ट्झच्या बँड २८ वर आणि २१०० च्या बँड १ वर उभे राहिले आहे. अमेरिकेत यांच्या जागी २, ४, १२, १३, ६६, ७१ असे निराळेच क्रमांक चालतात. कमी मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात आणि भिंतींतूनही बऱ्यापैकी आत शिरतात, म्हणून गावाकडे ७००, ८५० आणि ९०० यांचेच महत्त्व असते, तर शहरात मनोरे जवळ जवळ असल्याने १८०० आणि २३०० वर काम भागते. त्रिमूर्तीनगरात बँड ३ वर माझा फोन सुरळीत चालत होता आणि म्हणूनच त्याचे अपंगत्व मला महिनाभर दिसले नाही. नागपूरकरांना हा मुद्दा विशेष करून सांगावासा वाटतो, कारण आपण राहतो शहरात, पण आपली शेती आणि आपली म्हातारी माणसे काटोल, रामटेक, भिवापूरकडे असतात, आणि फोन खऱ्या अर्थाने लागतो तो तिथेच.

मग मी डब्यावरचा मॉडेल क्रमांक शोधला आणि त्यावरून निर्मात्याच्या संकेतस्थळावरची बँडची यादी काढली. जाहिरातीतले नाव इथे कामाचे नाही, कारण एकाच नावाचा फोन निरनिराळ्या देशांत निरनिराळे बँड घेऊन विकला जातो. सॅमसंगच्या मॉडेल क्रमांकाचे शेवटचे अक्षर पाहिले तरी पुष्कळ समजते: यू म्हणजे अमेरिकन मोबाईल कंपनीमार्फत विकलेला, यू१ म्हणजे अमेरिकेतलाच पण बिनकुलपाचा, डब्ल्यू म्हणजे कॅनडाचा. माझा फोन सॅमसंगचा नव्हता, पण यादी मिळाली. त्यात बँड ८ आणि बँड ४० नव्हते. बँड ३ आणि बँड ५ होते. म्हणजे ८५० मेगाहर्ट्झ वापरणाऱ्या कंपनीचा मनोरा गावाजवळ असेल, तर आशा होती.

त्या कंपनीकडे जाण्याआधी मी जे केले, ते या साऱ्या खटाटोपात मला सर्वांत उपयोगी वाटते. गावी राहणाऱ्या माझ्या दिरांकडे त्या कंपनीचे सिम आहे. पुढच्या खेपेला मी ते त्यांच्याकडून दोन दिवसांसाठी मागून घेतले, आपल्या फोनमध्ये घातले आणि वाड्यात, शेतातल्या विहिरीपाशी, उमरेडच्या बसस्थानकावर आणि शेवटी नागपुरात घरी येऊन फोन लावून पाहिले. प्रत्येक वेळी बोलता बोलता ४जीचे चिन्ह टिकते का आणि त्याच वेळी नकाशा हलतो का, एवढेच पाहायचे होते. चारही ठिकाणी दोन्ही चालले. फक्त इंटरनेटसाठी अ‍ॅक्सेस पॉइंटचे नाव, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटशी जोडणारी खूण, सेटिंगमध्ये एकदा हाताने घालावे लागले, ते मिनिटभराचे काम होते.

ही चाचणी आधी करायची ती अशासाठी की क्रमांक एकदा दुसऱ्या कंपनीकडे नेला की पुढचे ९० दिवस तो पुन्हा हलवता येत नाही. सिम बदलून घेतले असेल तर १ जुलै २०२४ पासूनच्या नियमाप्रमाणे सात दिवस थांबावे लागते. बाकी क्रमांक नेण्याची रीत सोपी आहे. १९०० या क्रमांकावर इंग्रजीत पोर्ट हा शब्द, मध्ये जागा सोडून आपला मोबाईल क्रमांक, असा संदेश पाठवला की आठ अक्षर-अंकांचा कोड येतो आणि तो आपल्याकडे चार दिवस चालतो. तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचे; एकाच दूरसंचार मंडलात तीन कामकाजाच्या दिवसांत बदल होतो, आणि नागपूर ते भिवापूर सगळे महाराष्ट्र मंडलातच येते. प्रीपेडमधली शिल्लक मात्र सोबत येत नाही, म्हणून जुना रिचार्ज संपत आल्यावरच मी संदेश पाठवला.

या फोनवर ५जी मिळणार नाही, हे मी स्वीकारले आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये एअरटेलने ज्या पहिल्या आठ शहरांत ५जी सुरू केले त्यांत नागपूर होते, पण भारतातले ५जी मुख्यतः ३३०० मेगाहर्ट्झच्या एन७८ या पट्ट्यावर चालते आणि माझ्या फोनच्या यादीत तो नाही.

दिरांचे सिम त्यांना परत दिले. आता क्रमांक तोच आहे, फोन डलासचा आहे, कंपनी नवी आहे, आणि सासूबाई वाड्यातून बोलतात तेव्हा आवाज तुटत नाही. परवा भाच्याचा निरोप आला की तो स्वतःच्या आईसाठीही एक फोन पाठवतो आहे. माझी ताई काटोलला राहते. मी त्याला डब्याच्या मागच्या बाजूचा, मॉडेल क्रमांक दिसेल असा फोटो आधी पाठवायला सांगितले आहे.