पेल्यातला वाफसा

मालवण, 17 मे

आज सकाळी साडेसहाला मिरचीच्या रोपांच्या 25 पेल्यांपैकी फक्त 4 पेल्यांना पाणी घातले. बाकीचे एकेक करून उचलून पाहिले आणि जसेच्या तसे ठेवून दिले. पंधरा दिवसांपूर्वी हे मला जमले नसते.

मृगाच्या पावसात लावायची म्हणून 22 एप्रिलला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत मिसळून 36 पेल्यांत बी टोचले होते. ताई सोलापूरला असते. तिने फोनवर बजावले होते, "अगं, मे महिना आहे, कोवळ्या रोपांना सकाळ-संध्याकाळ पाणी हवेच." तिच्या गच्चीवर ते अगदी खरे आहे. तिथे 41-42 अंश उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात पेला दुपारपर्यंत खडखडीत होतो. आमच्याकडे पारा 33-34 च्या आसपास असतो, पण समुद्रावरून येणारी हवा एवढी दमट असते की पडवीत वाळत घातलेला पंचा संध्याकाळीही हाताला ओलसर लागतो. ज्या हवेत पंचा वाळत नाही, त्या हवेत पेल्यातली माती तरी कशी वाळणार, हा साधा विचार मी केला नाही आणि दोन्ही वेळा झारी चालवत राहिले.

9 मेच्या सकाळी पहिली तीन रोपे आडवी झालेली दिसली. वरची पाने हिरवीगार आणि टवटवीत होती, मात्र मातीला टेकतो तिथे देठ पाणचट, तपकिरी आणि दोऱ्याएवढा बारीक झाला होता. बोटाने उचलताच रोप मुळापासून तुटून हातात आले. रोपे कोलमडण्याचा हा रोग पिथियमसारख्या बुरशींमुळे होतो, आणि सतत ओली राहणारी माती त्यांना फार मानवते. चार दिवसांत 11 रोपे गेली. मातीवर हिरवट शेवाळ धरले होते आणि पेला हलवला की बारीक काळी चिलटे उडत होती. ही लक्षणे आधीपासून डोळ्यांसमोर असून मी ती वाचली नाहीत, याचे मला फार वाईट वाटते.

मला फसवले ते दोन गोष्टींनी. कोकोपीटचा वरचा थर तासाभरात फिकट दिसू लागतो, पण बोट दोन पेरे आत घातले की खाली चिखल असतो. उथळ पेल्याला भोके असली तरी तळाशी पाण्याचा थर धरूनच राहतो, आणि पेला जितका लहान तितका त्या थराचा वाटा मोठा. दुसरे म्हणजे दुपारची मरगळ. मुळे पाण्यात बुडून राहिली की त्यांना हवा मिळत नाही, मग पाणी असूनही ती ते शोषू शकत नाहीत आणि पाने मान टाकतात. ती तहान समजून मी आणखी पाणी ओतत होते.

पावसानंतर वाफसा आल्याखेरीज, म्हणजे जादा पाणी निथळून माती नुसती ओलसर राहिल्याखेरीज, शेतात कोणी पेरणी करत नाही, कारण मातीत ओल हवी तशी हवाही हवी. तोच नियम या एवढ्याशा पेल्यालाही लागू आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाणी घातलेला पेला 205 ग्रॅम भरला आणि पाणी द्यावे असे वाटले तेव्हा 130 ग्रॅम. आता काट्याची गरज उरलेली नाही, तळहाताला ते वजन कळते. एकेका पेल्याची पाळी साधारण दोन-तीन दिवसांनी येते, तीही सकाळीच, म्हणजे पानांवर उडालेले थेंब रात्रभर तसेच राहत नाहीत. भिंतीकडेच्या ओळीला वारा कमी लागतो, त्यामुळे ते पेले आणखी एक दिवस थांबतात. उद्या ते पायरीवर आणून थोडे सुटे ठेवणार आहे.

संध्याकाळी ताईला फोन करून हे सगळे सांगितले. तिने पहिला प्रश्न विचारला, "उरलेल्यांना चौथे पान आले का?" 19 रोपांना आले आहे.