तीन व्हायोलिनांच्या घरापासून वर

प्रागमध्ये पहिल्या दिवशी काय पाहिलं, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर आहे: फरसबंदी. दगडाच्या लहान लहान चौकोनी तुकड्यांची, कडेला पॉलिश झालेली, चाकांच्या बॅगेशी उभा दावा मांडणारी. नेरुदोवा नावाच्या रस्त्यावर आमची बॅग असा काही खडखडाट करत होती की वरच्या मजल्यावरच्या दोन खिडक्या उघडल्या. रस्ता सरळ किल्ल्याकडे चढतो. बोहेमियाचे, म्हणजे इथल्या जुन्या चेक राज्याचे, राजे राज्याभिषेकाला याच वाटेनं वर जायचे म्हणे. जात असतील, त्यांना बॅग ओढायची नव्हती.

आम्हाला त्या रस्त्यावर एक खोली मिळाली होती. मालकीणबाईंच्या निरोपात घराचा नंबर होता, मध्ये तिरपी रेघ, आणि रेघेनंतर आणखी एक आकडा. पुणेकर माणूस अशी रेघ पाहतो तेव्हा पुढचा आकडा फ्लॅटचा, हे त्याच्या रक्तात असतं. म्हणून आम्ही रेघेआधीचा तीन आकडी नंबर शोधत निघालो. रस्ता संपत आला तरी निळ्या पाट्या पन्नाशीच्या आसपासच घोटाळत होत्या. नवरा फोन उभा, आडवा, तिरका धरून पाहत होता. शेवटी मीच वैतागून म्हटलं, "अरे, प्रत्येक दारावर दोन पाट्या आहेत, तू एकच वाचतोयस."

दोन पाट्या होत्या खऱ्या. निळ्या पाटीवर रस्त्यातला क्रमांक, एका बाजूला सम, दुसऱ्या बाजूला विषम, आपल्याला कळेल असा. लाल पाटीवर त्या भागाचं नाव आणि त्या अख्ख्या भागात घराला मिळालेला नंबर. हा लाल आकडा शेजाऱ्याशी काही नातं सांगेलच असं नाही. नोंद झाली त्या क्रमानं तो पडलेला असतो. मारिया थेरेसा राणीच्या राज्यात १७७० साली घरांना असे नंबर द्यायला सुरुवात झाली. हेतू पाहुण्यांना घर सापडावं हा नव्हता. कुठल्या घरात लढाईला नेण्याजोगे किती पुरुष आहेत, हे सरकारला कळावं म्हणून होता. निळी पाटी नंतरची, एकोणिसाव्या शतकातली. म्हणजे लाल आकडा सरकारसाठी, निळा आमच्यासारख्यांसाठी. पत्त्यातला रेघेआधीचा आकडा लाल पाटीचा होता, रेघेनंतरचा निळ्या. तो दुसरा आकडा निळ्या पाट्यांवर शोधला असता तर खोली तीन मिनिटांत सापडली असती.

आणि नंबर नव्हते तेव्हा? त्याचं उत्तर खाली बघून मिळत नाही, मान वर करावी लागते. दाराच्या वर, पहिल्या मजल्याच्या खिडक्यांच्या मध्ये, चित्रं. सोन्याची किल्ली. लाल कोकरू. सोन्याचा पेला. पांढरा हंस. एका घरावर एकमेकांवर तिरकी ठेवलेली तीन व्हायोलिनं, तिथे व्हायोलिन बनवणारी माणसं राहायची. वर चढत गेलं की दोन सूर्य असलेलं घर, ज्यात चेक लेखक यान नेरुदा राहत होते. रस्त्याला नाव त्यांचं. त्याआधी हा रस्ता घोडेस्वारांच्या टाचांना लावायच्या आरी बनवणाऱ्यांच्या नावानं ओळखला जायचा.

मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती एका घरावरच्या हिरव्या प्राण्यापाशी. इंग्रजी माहितीत त्याला लॉब्स्टर, म्हणजे शेवंड म्हटलेलं. समुद्रच नसलेल्या देशात शेवंड कुठून आला, या प्रश्नानं आमची एक कॉफी गेली. मग कळलं की घराच्या चेक नावातला 'राक' म्हणजे नदी-ओढ्यात राहणारा, नांग्या असलेला, शेवंडाचा गोड्या पाण्यातला धाकटा भाऊ. हिरवा, कारण जिवंत. लाल होतो तो पातेल्यात. चितारणाऱ्यानं त्याला जेवणाआधी पाहिलेलं दिसतंय.

या चित्रांची सवय लागल्यावर बाकीचं प्राग मला जरा अंगावर आल्यासारखं वाटलं. चार्ल्स ब्रिज, १३५७ साली बांधायला घेतलेला, सोळा कमानी, तीस पुतळे, आणि प्रत्येक पुतळ्यासमोर फोनची भिंत. त्यांतले बरेच पुतळे नकला आहेत, मूळ दगड संग्रहालयात सुखरूप. ते सांगूनही गर्दी कमी होत नाही. जुन्या शहराच्या चौकातलं १४१०चं खगोलीय घड्याळ तासाला वाजतं तेव्हा सांगाडा दोरी ओढतो, येशूचे बारा प्रेषित खिडक्यांतून सरकतात, कोंबडा आरवतो, आणि लोक एकमेकांकडे बघतात: झालं? झालं. तिथून चार पावलांवर फरसबंदीत पांढऱ्या दगडाचे २७ क्रूस आहेत. २१ जून १६२१ला त्या चौकात राजाविरुद्ध बंड केलं म्हणून ज्या सत्तावीस जणांना मारलं, त्यांचे. घड्याळाकडे निघालेल्या गर्दीचे पाय नेमके त्यांच्यावरून जातात. मी एक क्रूस ओलांडायचा म्हणून मोठी ढांग टाकली आणि एका आजोबांच्या पायावर पडले.

पुलाजवळ, कांपा नावाच्या बेटाच्या बाजूला एक बोळ आहे, जेमतेम अर्धा मीटर रुंद, त्याला चालणाऱ्यांसाठी सिग्नल. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे जावं लागेल म्हणून. नवऱ्यानं हिरवा होईपर्यंत शिस्तीत वाट पाहिली. हाच माणूस अलका चौकात काय करतो ते मी सांगत नाही.

चार दिवसांनंतर आम्ही खोलीवर परत यायला फोन काढेनासे झालो. सोन्याचा पेला गेला, आता श्वास घ्यायला थांबायचं, मग किल्ली, मग आपलं दार. घरी आलो तेव्हा लक्षात आलं, माझा वाचायचा चष्मा तिथेच राहिला. मालकीणबाईंनी लगेच पत्ता मागवला, पोस्टानं पाठवते म्हणाल्या. मी लिहिलं: पेठेचं नाव, घर नंबर (रस्त्याशी संबंध नसलेला, पेठेचा), मारुतीच्या देवळामागे, दूध डेअरीच्या वर.

त्यांचं उत्तर आलं, मारुती म्हणजे घरावरचं चित्र का?

मी लिहिलं, हो.