तुम्ही विचारलंत म्हणून: व्हीएआर ठेवायचा की काढायचा?

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या गेटवर, लग्नाच्या पंगतीत, कुठंही भेटा, प्रश्न तोच. "सर, तुम्ही मॅचला शिट्टी मारता ना? मग सांगा, व्हीएआर ठेवायचा की काढायचा?" व्हीएआर म्हणजे मैदानाबाहेरच्या खोलीत बसून रिप्ले बघणारा, मैदानातल्या फुटबॉल पंचाला मदत करणारा व्हिडिओ पंच. उत्तर एका शब्दात हवं असतं. ते मला जमत नाही, आणि 'पंच पंचांचीच बाजू घेणार' हे ऐकून आता खरोखर कंटाळा आलाय.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधली ३० सप्टेंबर २०२३ ची टॉटेनहॅम-लिव्हरपूल मॅच घ्या. ०-० चालू होतं, लिव्हरपूलचा एक खेळाडू लाल कार्डावर बाहेर. त्यांच्याच सालाहच्या पासवर लुईस दियाझनं गोल मारला, लाइनमननं ऑफसाइडचा झेंडा वर केला, म्हणजे पास निघाला तेव्हा दियाझ बचावपटूंच्या पुढं होता, गोल नाही. व्हीएआरच्या खोलीत रेषा आखल्या, दियाझ ऑनसाइड निघाला. म्हणजे यंत्रानं काम चोख केलं. पण खोलीतल्या पंचाची समजूत अशी, की मैदानावर गोल दिलेलाच आहे. तो 'तपासणी पूर्ण' म्हणून मोकळा झाला. मैदानातल्या पंचानं त्याचा अर्थ घेतला, ऑफसाइड कायम. फ्री किक झाली, खेळ सुरू. रिप्ले चालवणाऱ्याच्या लगेच लक्षात आलं, त्यानं विचारलंही. मॅच थांबवा, असा निरोप आला. पण फुटबॉलचा पाचवा नियम, पंचांविषयीचा, सांगतो की मोजके अपवाद सोडले तर खेळ पुन्हा सुरू झाल्यावर निर्णय फिरवता येत नाही. आता काहीच करता येत नाही, असं खोलीतला पंच म्हणत राहिला. लिव्हरपूल शेवटी नऊ जणांवर आलं आणि इंज्युरी टाइममधल्या स्वयंगोलानं २-१ हरलं.

तीन दिवसांनी पंचांच्या त्या बोलण्याचं रेकॉर्डिंग जाहीर झालं. मी ते कितीदा तरी ऐकलंय. चूक कळते त्या क्षणी माणसाचा आवाज कसा बदलतो, ते त्यात ऐकू येतं. त्या पंचांची नावं मी घेणार नाही, जगानं पुरेशी घेतली.

माझं म्हणणं एवढंच, की हेच बोलणं त्याच वेळी सगळ्यांना ऐकू आलं असतं, तर ती फ्री किक झालीच नसती. 'ऑनसाइड आहे' हे हजारो लोकांनी ऐकल्यावर कुणीतरी ओरडलंच असतं. रग्बीत हे ऐकू येतं. क्रिकेटमध्ये तिसरा पंच काय बघतोय हे आपण घरबसल्या ऐकतो. फुटबॉलमध्ये २०२३ पासून काही स्पर्धांत पंच निकाल माइकवर सांगतात, पण फक्त निकाल. खोलीचं दार बंदच.

व्हीएआर आला तेव्हा मीच म्हणायचो, पंचाला गोंधळायला चार सेकंद एकांत हवा. ते म्हणणं खोटं होतं असं आजही म्हणवत नाही.

गेल्या हंगामात इथल्याच एका मॅचला बॉल गोलरेषेपलीकडे गेला का, हे विचारायला मी लाइनमनकडे धावलो. दोन्ही कॅप्टन मागोमाग आले. मी त्यांना हाकललं नाही. लाइनमन म्हणाला, "सर, मधी कीपर होता, मला दिसलं नाही." मी गोल दिला नाही. गॅलरीतून शिव्या आल्याच, पण ज्याचा गोल गेला तो कॅप्टन अक्षर न बोलता मागं फिरला. त्यानं ऐकलं होतं. मॅच संपल्यावर लाइनमन मात्र माझ्यावर रागावला. "पुढच्या वेळी त्यांच्यासमोर विचारू नका. मला दिसलं नाही, हे आता गावभर होईल." त्याचं चुकीचं काय?

तरीही माइक उघडा ठेवा, असंच मी म्हणेन. आणि चूक अशी ढळढळीत असेल, दोन्ही पंचांना मान्य असेल, तर खेळ सुरू झाल्यावरही पहिल्या थांब्याला मागं जाता यावं. पण त्या दिवशी दियाझचा गोल गेल्यावर दोनेक मिनिटांतच टॉटेनहॅमच्या सॉननं गोल केला होता. मागं जायचं, तर त्या गोलाचं काय करायचं? हे मला अजून सुटलेलं नाही.