दुकानातलं घड्याळ

जेवणाची ताटं उचलली की आमच्या डायनिंग टेबलाचं ऑफिस होतं. गेले पंधरा दिवस नवरा तिथे चष्मा कपाळावर चढवून बसतो. समोर फुलस्केप, त्यावर पट्टीने मारलेली उभी रेघ. डावीकडे ‘गाडी’, उजवीकडे ‘टूर’. आडव्या ओळींत बंदरं: मार्सेय, लिव्होर्नो, चिविताव्हेक्किया, नेपल्स, माल्टा. बार्सिलोनाहून निघणारी सात रात्रींची क्रूझ. तिकिटं काढून झाली, केबिनला बाल्कनी हवी की नको यावरून भांडून झालं (नको, बाल्कनी कोथरूडला आहे), आता उरलाय तो हा कागद. जहाज सकाळी बंदराला लागणार, संध्याकाळी सुटणार. मधल्या वेळात भाड्याची गाडी घेऊन आपलं आपण हिंडायचं, की जहाजवाल्यांच्या बसमध्ये बसून झेंड्यामागून चालायचं?

चिविताव्हेक्किया मला अजून धड म्हणता येत नाही. मी त्याला चिवडा म्हणते. तर चिवड्याच्या दिवसाचा निकाल लवकर लागला. जाहिरातीत त्या दिवसापुढे ठळक अक्षरांत ‘रोम’ लिहिलंय, पण रोम तिथून ७०-८० किलोमीटर आत. पुणे दाखवतो म्हणून लोणावळ्याला उतरवायचं, तशातली गत. लिव्होर्नोचंही तेच. पिसा जवळ, २५ किलोमीटरच्या आसपास, पण फ्लोरेन्स ९०च्या घरात. आणि रोममध्ये गाडी घालायची कुणी? ज्या माणसाने गेली दहा वर्षं लक्ष्मी रोडला पार्किंग मिळत नाही म्हणून कपडे घेतले नाहीत, त्याने?

नवऱ्याचा हिशोब मात्र ऐकण्यासारखा आहे. जहाज आठला लागतं, सहाला सुटतं, म्हणजे दहा तास. त्यातला तास उतरण्यात जातो. गाडीच्या काउंटरवर रांग, सह्या, क्रेडिट कार्डावर डिपॉझिट अडकवणं, अर्धा तास. परत देताना पेट्रोल भरा, ओरखडे दाखवा, अजून अर्धा. सुटायच्या अर्धा तास आधी जहाजावर पाय ठेवलेला पाहिजे. शिवाय वाटेत काही झालं तर, म्हणून तासभर राखीव. राहिले साडेसहा. हे साडेसहा त्याने लाल पेनाने गोल करून ठेवलेत.

‘टूर’च्या रकान्यात एकच वाक्य आहे, तेही माझ्या अक्षरात: ‘उशीर झाला तर जहाज थांबतं.’ जहाजाच्या स्वतःच्या टूरची बस अडकली तर जहाज वाट बघतं. आपल्या हिमतीवर गेलेल्यांची बघत नाही. त्यांनी पुढचं बंदर आपल्या खर्चाने गाठायचं. धक्क्यावरून जिवाच्या आकांताने पळणाऱ्या अशा मंडळींना पियर रनर म्हणतात, आणि त्यांचे व्हिडिओ काढायला वरच्या बाल्कन्यांत माणसं ताटकळत असतात. नवरा म्हणतो, मी ते व्हिडिओ बघू नयेत. मी रोज बघते. परवाच्या एकात बाईच्या हातात चपला होत्या आणि नवरा पन्नास पावलं पुढे पळत होता.

पण टूर माझ्या रकान्यात असली तरी मला ती आवडते असं कुणी समजू नये. छातीवर सतरा नंबरचा स्टिकर, कानात तिचं बोलणं ऐकायचं यंत्र, पुढे छत्री उंच धरून चालणारी बाई. ती कमानीकडे बघा म्हणते तेव्हा माझं लक्ष समोरच्या तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरीकडे असतं. शाळेच्या सहलीपासूनची खोड. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना बाई पेशव्यांबद्दल सांगत होत्या आणि मी पुढच्या मुलीच्या वेणीतली सुटलेली रिबीन बघत होते. बाई वर पोचल्यावर डोकी मोजत. मी तेविसावी. पेशव्यांचं काही लक्षात नाही, तेवीस लक्षात आहे. कुणीतरी आपल्याला मोजतंय, यात एक आराम असतो.

आणि गाडीत तो आराम नाही, हे मला फार लहानपणी कळलं. सायकलीवर.

नारायण पेठेत आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. तासाला पंचवीस पैसे, अर्ध्या तासाला पंधरा. उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी नऊला गेलं तरी छोट्या सायकली गेलेल्या असायच्या. मग मोठी घ्यायची आणि दांडीखालून पाय घालून चालवायची. दुकानदार वहीत नाव, वेळ आणि सायकलचा नंबर लिहायचा. डिपॉझिट नव्हतं. ‘कुणाची गं तू?’ हेच डिपॉझिट. वडिलांचं नाव सांगितलं की तो मान हलवायचा, घंटी एकदा वाजवून दाखवायचा, म्हणजे मागाहून वाजत नाही म्हणायला नको, आणि सायकल द्यायचा. परवा नवरा मला शिकवत होता, गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी फोटो काढून ठेवायचे. मला ती घंटी ऐकू आली.

तासाभराची सायकल मी आणि दादा दोघांत. पहिली पाळी दादाची, यावर कधी चर्चा झाली नाही. तो लकडी पुलावरून डेक्कनला, तिथून प्रभात रोडला, आणि पुढे कुठे जायचा देव जाणे. मी ओंकारेश्वराच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, ‘किती वाजले हो?’ लोक सांगायचे. एकाने चिडून विचारलं, ‘तुला काय करायचंय?’ मी म्हटलं, ‘माझी पाळी आहे.’ दादा चाळीस मिनिटांनी उगवायचा, घामाघूम, चेहऱ्यावर साऱ्या पुण्याचं राज्य केल्याचा भाव. उरलेल्या वीस मिनिटांत मी देवळापासून कोपऱ्यापर्यंत येरझाऱ्या घालायची, डोळे घड्याळ असलेल्या माणसांच्या मनगटांवर.

एकदा चेन पडली. दादाने बसवली, परत पडली. शेवटी आम्ही सायकल हातात धरून पळत सुटलो, म्हणजे दादा सायकल घेऊन आणि मी मागून कॅरिअरला हात लावून, जणू माझ्या ढकलण्याने वेग वाढणार होता. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे दहाला तीन मिनिटं कमी होती. जिंकलो म्हणून दुकानात शिरलो, तर भिंतीवर दहा वाजून सात मिनिटं. ‘तिकडे तर दहा वाजायचेत,’ दादा म्हणाला. ‘मग तिकडे दे सायकल,’ दुकानदार म्हणाला. अर्ध्या तासाचे पंधरा पैसे वर. आमच्याकडे नव्हते. त्याने दादाला ट्यूबा टांगलेल्या बाकावर बसवून ठेवलं आणि मला घरी पिटाळलं. एवढा मोठा भाऊ पंधरा पैशांत तारण! मी पळाले, पण फार जोरात नाही, हे आता सांगायला हरकत नाही.

वडिलांनी पैसे दिले, आणि उगाच न रागावता म्हणाले, ‘परत जिथे द्यायची, तिथलं घड्याळ बघून निघावं.’

हे वाक्य मी नवऱ्याला ऐकवलं, कारण जहाजाचंही असंच असतं. जहाजाचं घड्याळ आणि किनाऱ्याचं घड्याळ कधीकधी वेगळं चालतं. फोन शहाणपणा करून आपोआप किनाऱ्याची वेळ लावून घेतो आणि माणूस गाफील राहतो. यावर नवऱ्याने शांतपणे सांगितलं की स्पेन, फ्रान्स, इटली, माल्टा, सगळीकडे एकच वेळ आहे, तेव्हा हा घोळ होणारच नाही. नसेल होत. तरी मी कपाटातून त्याचं जुनं चावीचं एचएमटी काढून ठेवलंय.

इटलीत गाडीचा विषय संपला तो दोन गोष्टींनी. एक म्हणजे नणंदेचा जावई. तो चार वर्षांपूर्वी भाड्याची गाडी घेऊन तिकडच्या एका जुन्या गावात शिरला, आईस्क्रीम खाल्लं, फोटो काढले, परत आला. आठ महिन्यांनी दंडाचं पत्र. तिथल्या जुन्या वस्त्यांमध्ये परवानगीशिवाय गाडी न्यायची नसते, त्याला झेडटीएल म्हणतात, आणि कोपऱ्यावरचा कॅमेरा गुपचूप नंबर टिपतो. हा एकाच गल्लीच्या शोधात तीनदा आत गेला होता. त्यामुळे पत्रं तीन. वर दंडवाल्यांना त्याचा पत्ता कळवल्याबद्दल गाडीवाल्यांनी प्रत्येक वेळी आपले पैसे लावले ते निराळेच. दुसरी गोष्ट, लहान गावांतली भाड्याच्या गाड्यांची ऑफिसं दुपारी जेवायला बंद होतात आणि रविवारी बऱ्याचदा उघडतच नाहीत. हे वाचून नवरा खचला. मला मात्र त्या देशाबद्दल पहिल्यांदाच आपलेपणा वाटला. दुपारी झोपणाऱ्या माणसांकडे जायला काय भ्यायचं!

तर मार्सेय धरून चार बंदरं टूरला गेली. राहिलं माल्टा, आणि गाडं तिथे अडलंय. माझ्या मते तिथे दोन्ही नको. जहाज व्हॅलेटा शहराच्या पायथ्याशीच लागतं. धक्क्याजवळून ५८ मीटर उंचीची लिफ्ट वरच्या बागेत नेऊन सोडते. त्या बागेखालच्या तोफखान्यातून दुपारी बाराला आणि चारला तोफ उडवतात. बाराची तोफ मूळची बंदरातल्या जहाजांना आपापली घड्याळं जुळवून घेता यावीत म्हणून. एवढी सोय करून ठेवलेल्या गावात चालत हिंडावं, बाकावर बसावं. पण नवरा हटून बसलाय. बेट जेमतेम २७ किलोमीटर लांब. १९६४ पर्यंत इंग्रजांकडे होतं, त्यामुळे गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. ‘स्टिअरिंग उजवीकडे,’ तो म्हणाला. हे त्याने तीन दिवसांत चार वेळा सांगितलं.

आज दुपारी तो खुर्चीतच पेंगला. कागद पंख्याने उडत होता म्हणून मी उचलला, तर खाली एक छोटी पुस्तिका. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. फोटोत भुवया ताणून बसलाय, परवान्यांवर सगळेच बसतात तसा. मुदत एक वर्ष. म्हणजे संगम पुलाजवळच्या आरटीओत जाऊन आला. कधी? ‘दाताकडे जाऊन येतो’ म्हणाला होता आणि तीन तासांनी आला होता, तेव्हाच.

आमची गाडी गेल्या दिवाळीत विकली. कर्वे रोडला एका स्कूटरचा आरसा घासला, कुणाला काही लागलं नाही, पण तो घरी येऊन खाली पार्किंगमध्ये बराच वेळ गाडीतच बसून राहिला होता. मी गॅलरीतून बघत होते, खाली गेले नाही. मग लेकीने बंगलोरहून फोनवर काय ते सांगितलं आणि आठवड्यात गाडी गेली. आता टॅक्सीत तो पुढे बसतो, ड्रायव्हरशेजारी. सिग्नल आला की त्याचा उजवा पाय मॅटवर दाबला जातो. मी मागून बघते. तो ६८चा आहे. भाड्याने गाड्या देणाऱ्या काही कंपन्या सत्तरीच्या पुढच्यांना गाडी देत नाहीत, हेही त्याने कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहून ठेवलंय.

मी पुस्तिका होती तशी ठेवली. वर कागद. वर चष्म्याचं घर.

तो जागा झाल्यावर म्हटलं, ‘माल्टाला गाडी घेऊ.’

‘तू तर चालत म्हणत होतीस.’

‘गुडघे दुखतात.’

त्याने लगेच डावीकडे खूण केली, माझ्या गुडघ्यांची चौकशी न करता. मग म्हणाला, ‘चारची तोफ ऐकू आली की गाडी वळवायची, झालं.’

‘बेटाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येईल?’

यावर त्याने जरा विचार केला. मग एचएमटी उचललं, चावी दिली, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून काटे लावले. आमचं ते घड्याळ सात मिनिटं पुढे आहे. कधीपासून, कुणी केलं, आठवत नाही.