पंधरा–बारा : १८९६ च्या जानेवारीतील एक सामना

महाविद्यालयात असताना मी दोन वर्षे बास्केटबॉलच्या संघात होतो, आणि त्यातील बहुतेक काळ राखीव खेळाडूंच्या बाकावर गेला. म्हणूनच, १८ जानेवारी १८९६ रोजी अमेरिकेतील आयोवा सिटीत झालेल्या सामन्यात दोन्ही संघांनी एकही बदली खेळाडू उतरवला नाही, ही नोंद वाचताना मी थबकलो. शिकागो विद्यापीठाचे पाच आणि आयोवाचे पाच, असे दहाच जण सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळले आणि शिकागोने १५–१२ असा विजय मिळवला. प्रत्येक बाजूला पाच खेळाडू ठेवून झालेला हा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना मानला जातो.

आज ‘पाच’ हा आकडा आपण इतका गृहीत धरतो, की तो कुणीतरी कधीतरी ठरवला असेल हे मनातच येत नाही. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीए या तरुणांच्या ख्रिस्ती संघटनेच्या प्रशिक्षण विद्यालयात हा खेळ प्रथम खेळवला, तेव्हा त्यांच्या तेरा नियमांत खेळाडूंची संख्याच दिलेली नव्हती. वर्गात अठरा विद्यार्थी होते, म्हणून नऊ-नऊंचे दोन संघ झाले, इतकीच त्यामागची गोष्ट. ही नऊची प्रथा पुढे महाविद्यालयांतही गेली. ९ फेब्रुवारी १८९५ रोजी मिनेसोटातील हॅमलिन महाविद्यालय आणि तेथील कृषी विद्यालय यांच्यात ठेंगण्या छताच्या तळघरात सामना झाला, तोही नऊ-नऊ खेळाडूंचा. त्यात कृषी विद्यालय ९–३ असे जिंकले. पुढच्याच महिन्यात पेनसिल्व्हेनियात हॅव्हरफर्डने टेंपलला ६–४ असे हरवले, तेव्हाही संघ नऊंचेच होते. अठरा माणसे एका खोलीत एकाच चेंडूमागे धावत असतील, तर गुणफलक असा किरकोळ राहणारच. खेळाला मोकळी जागा हवी होती आणि भिंती तर सरकवता येत नव्हत्या. तेव्हा माणसे कमी करणे हाच उपाय उरला. १८९७ मध्ये पाच ही संख्या नियमाने पक्की झाली, पण आयोवा सिटीत ती त्याआधीच प्रत्यक्ष खेळून पाहिली गेली होती.

या सामन्याला ‘पहिला’ म्हणावे की नाही, यावर मतभेद आहेत. आयोवाचे खेळाडू विद्यापीठाचे विद्यार्थी असले, तरी त्यांचा संघ वायएमसीएच्या छत्राखाली खेळत होता. त्यामुळे काही अभ्यासक हा मान २० मार्च १८९७ च्या सामन्याला देतात, ज्यात येलने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठावर ३२–१० असा विजय मिळवला. माझा कौल आयोवा सिटीच्या बाजूने आहे, कारण त्या काळी हा खेळ वायएमसीएपासून वेगळा काढणे म्हणजे मल्लाला तालमीपासून वेगळे काढण्यासारखे होते.

मला सर्वाधिक मोह पडतो तो या तालमीचाच. हॅमलिनला खेळ नेणारे रे कॅन हे नेस्मिथ यांच्या त्या पहिल्या अठरा विद्यार्थ्यांपैकी एक. पेनसिल्व्हेनियातील जिनिव्हा महाविद्यालयात तो रुजवणारे चार्ल्स बेमीस स्प्रिंगफील्डचे, आणि आयोवात तो सुरू करून त्या जानेवारीच्या सामन्यात पंचाचे काम करणारे हेन्री कॅलनबर्ग हेही तेथेच शिकलेले. शिकागोत क्रीडाविभाग सांभाळणारे अमोस अलोन्झो स्टॅग मार्च १८९२ मध्ये स्प्रिंगफील्डच्या शिक्षकांकडून विद्यार्थ्यांविरुद्ध खेळले होते. शिक्षक ५–१ असे हरले, आणि त्यांचा तो एकमेव गोल स्टॅग यांचा होता. म्हणजे १५–१२ हा निकाल दोन विद्यापीठांचा असला, तरी मैदानाभोवतीची माणसे एकाच वस्तादाच्या परंपरेतील होती.

खेळ मात्र आजच्यापेक्षा फार वेगळा दिसत असणार. चेंडू हातात घेऊन धावता येत नसे आणि ड्रिबलचे, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेण्याचे, तंत्र अजून बाल्यावस्थेत होते, त्यामुळे पास देत देतच पुढे सरकावे लागे. प्रत्येक गोलानंतर मध्यभागी पुन्हा जंप बॉल होई, म्हणजे वर उडवलेल्या चेंडूसाठी दोन प्रतिस्पर्धी उडी घेत, आणि ही पद्धत तर १९३७ पर्यंत टिकली. टोपलीमागचे फळे नुकतेच येऊ लागले होते. ते नेम साधण्याच्या सोयीसाठी आले नाहीत, तर गॅलरीतील प्रेक्षक हात घालून चेंडू अडवत किंवा आत ढकलत, त्यांना आवरण्यासाठी आले.

त्या हंगामाला ना साखळी होती, ना विजेतेपद. महाविद्यालये जवळपासच्या वायएमसीए संघांशी आणि सवड मिळेल तशी एकमेकांशी खेळत. याच हंगामात, ४ एप्रिल १८९६ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोत स्टॅनफर्डच्या विद्यार्थिनींनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघाला २–१ असे हरवले, आणि तो सामना पाहण्यास पुरुषांना मज्जाव होता. पुरुषांच्या खेळाचा इतिहास सांगताना ही तारीख गाळली जाते, याचे मला वाईट वाटते.

आणि नेस्मिथ? ते १८९५ मध्येच डेन्व्हरला गेले होते. तेथील वायएमसीएत काम करता करता ते वैद्यकीचे शिक्षण घेत होते, आणि कॅन्सस विद्यापीठात जाऊन स्वतःचा महाविद्यालयीन संघ उभा करायला त्यांना आणखी दोन वर्षांहून अधिक काळ लागणार होता.