आडवी अक्कलदाढ काढताना आणि काढल्यावर

माझी खालची उजवी अक्कलदाढ अर्धवटच वर आली होती. तिच्यावर हिरडीचा पदर राहिला होता. त्याखाली अन्नाचे कण अडकायचे आणि अधूनमधून सगळी बाजू सुजायची. लवंगेच्या तेलाचा बोळा धरला, मिठाच्या गुळण्या केल्या की काही दिवस बरं वाटायचं. मग एकदा कानापर्यंत ठणका गेला, घास गिळवेना, तेव्हा दातांच्या डॉक्टरकडे गेले.

पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला. दाढ आडवी होऊन पुढच्या दाढेला टेकलेली होती आणि त्या फटीत पुढच्या चांगल्या दाढेलाही कीड लागत होती. ते पाहिल्यावर काढायचीच हे माझं पक्कं झालं. पण लगेच काढली नाही. सूज असताना भूल नीट चढत नाही, म्हणून आधी अँटिबायोटिकचा कोर्स दिला. खालच्या ओठाची संवेदना नेणारी नस मुळांच्या किती जवळ आहे, हेही एक्स-रेवर बोट ठेवून दाखवलं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, ब्लडप्रेशर आहे का, सगळं विचारलं.

त्या दिवशी पोटभर नाश्ता करून गेले. इंजेक्शन टोचलं तेवढंच दुखलं. थोड्या वेळात अर्धा ओठ जड झाला. हिरडी कापली, थोडं हाड कोरलं, दाढेचे तुकडे केले. त्या वेळी आलेला ‘कट्’ आवाज थेट डोक्यात ऐकू आला. जबड्यावर दाब खूप जाणवतो, पण कळ येत नाही. शेवटी काळ्या दोऱ्याचे टाके घातले.

खरी काळजी पुढेच घ्यावी लागते. बोळा पाऊण तास घट्ट चावून धरा. 24 तास थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही, गरम खायचं नाही. हे सगळं चिठ्ठीवर छापलेलं होतंच, पण डॉक्टरांनी कारणही सांगितलं. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तीच आतल्या हाडावरचं झाकण. ती निसटली तर हाड उघडं पडतं आणि दोन-तीन दिवसांनी असह्य ठणका सुरू होतो. याला ड्राय सॉकेट म्हणतात. मला वाटतं, प्रत्येक पेशंटला हे एवढं तरी सांगायलाच हवं. कारण कळलं की पथ्य पाळायला बळ येतं.

घरी आल्यावर आई हळद घेऊन उभी. "अगं, दाबून भर, जखम लवकर सुकेल." मी वहीत लिहून दाखवलं : आज तिथं काहीही लावायचं नाही. तिने हळद ठेवून दिली आणि तांदळाची पेज निववून आणली. ओठ बधिर असेपर्यंत तीही खाल्ली नाही, कारण गाल चावला गेला तरी कळत नाही. लाळ गुलाबी दिसत होती, ती गिळत राहिले. पहिल्या दिवशी रुमालात बर्फ गुंडाळून थोड्या थोड्या वेळाने गालाला लावला.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज उलट वाढली. तोंडात जेमतेम एक बोट जाईल इतकाच जबडा उघडत होता. हे होणार असं आधीच सांगितलेलं होतं, म्हणून धीर राहिला. मग गालाला शेक आणि कोमट मिठाचं पाणी. तेही खळखळवायचं नाही. तोंडात घेऊन मान कलती करायची आणि पाणी आपोआप बेसिनमध्ये पडू द्यायचं. गुरगुट्या भात, पातळ वरण, कुस्करलेलं केळं यावर दिवस काढले. तीळ आणि दाण्याचा कूट घरात सगळ्यांनीच बंद ठेवला होता, ते कण खड्ड्यात जाऊन बसतात म्हणून.

आठवड्याने टाके काढले, तोंडही बऱ्यापैकी उघडू लागलं. हिरडी काही आठवड्यांत मिटते, आतलं हाड भरायला मात्र महिने लागतात. पुढच्या दाढेची कीड अजून वरवरचीच आहे, तिच्यात सिमेंट भरायची वेळ घेऊन ठेवली आहे.